इरोध हाय

शिरवण्याच्या आमच्या पक्षाच्या शाखेत पूर्वी भांडणं अशी व्हायची की खाडीतले फ्लेमिंगो उठून थेट उरणला जायचे. एका गटाराच्या झाकणावर आम्ही सात तास बोललो. तेवढ्यात दोन कार्यकर्ते त्याच गटारात पडले, वर आले आणि ओल्या हातांनीच झाकणाच्या विरोधात मत देऊन घरी गेले. मी शाखेचा चिटणीस. सगळं रजिस्टरात उतरवायचो, कोणी कोणाला काय शिवी दिली तेसुद्धा. थोडी सजवून, एवढंच.

मग पक्षात शिस्त आली. आधी मोठ्या साहेबांचा फोटो वाढला, इतका की शाखेची एकुलती एक खिडकी त्याच्यामागे गेली. मग दिघ्याच्या शाखेतल्या एका ताईंनी बैठकीत विचारलं, उमेदवार नक्की कोण ठरवतं? दुसऱ्या सकाळी त्यांच्या शिवणवर्गाला कुलूप. हॉल सोसायटीचा, किल्ली कमिटीकडे, आणि कमिटी आपल्याच लोकांची. त्यानंतर चहात साखर कमी आहे म्हणायचीही आमच्यात कोणाची छाती होईना. मी तर घरीसुद्धा आमटी मुकाट्याने खायला लागलो. बायकोला वाटलं, मला कावीळ झाली.

अशात एका रविवारी सकाळी वरून निरीक्षक आले. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. येताना ठराव टाइप करूनच आणला होता: यापुढे शाखाप्रमुख निवडून येणार नाही, मोठे साहेब नेमतील, त्यांच्या निर्णयावर बैठकीत चर्चा होणार नाही. खाली छापलेलं होतं, ‘सर्वानुमते मंजूर’. बैठक अजून सुरू व्हायची होती.

“चिटणीस, हे तेवढं रजिस्टरात उतरवा,” ते म्हणाले. मग खोलीकडे वळून हसत विचारलं, “कोणाचा विरोध आहे?”

“हाय!” मागून आवाज आला.

आवाज दादूसचा होता. गावातला जुना आगरी माणूस, मिठागरावर काम केलेला. त्याच्याच ओटीवर ही शाखा सुरू झाली होती. आता आमच्याकडे हजेरी शेवटी घ्यायची रीत, कारण भजी आल्याशिवाय माणसं पुरती जमत नाहीत. नाव पुकारलं की गाववाले ‘हाय’ म्हणतात. त्यामुळे सगळे हसले. मला वाटलं, सुटलो.

“दादूस, हजेरीला वेळ आहे!” कोणीतरी ओरडलं.

मीही लगेच सुरू झालो. “सर, त्यांना ऐकू येत नाही. मागच्या दिवाळीत कानाशी सुतळी बॉम्ब फुटला. तेव्हापासून त्यांना ढोलसुद्धा डासासारखा वाटतो.”

दादूस उठून उभा राहिला.

“मना आयकू येतं,” तो म्हणाला. “माजा इरोध हाय. परमुख आमी निवरतो. नेमतात तो नोकर.”

भजीवाला दारातूनच मागे फिरला.

निरीक्षक रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याजवळ आले, रजिस्टरातल्या यादीत दादूसच्या नावावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, “हजेरी लागायची आहे ना अजून? मग काका आज आले नव्हते. जो आलाच नाही त्याचा विरोध कसला?”

दादूस माझ्यासमोर सहा फुटांवर उभा. मी पेन उचललं आणि त्याच्या नावावर रेघ मारली. हो, मारली. डोळ्यांपुढे शिवणवर्गाचं ते कुलूप होतं.

“चिटनीस,” दादूस म्हणाला, “मंग मी हितं कोन हाय रं?”

पेन थांबलं नाही. ते खाली घसरत माझ्या नावापर्यंत गेलं आणि त्यावरही रेघ ओढून मोकळं झालं. याला धाडस म्हणत असाल तर म्हणा.

“हे काय?” निरीक्षकांनी विचारलं.

“सर, मीपण आलो नव्हतो.”

“मग सही कोण करणार?”

“तेच तर. गैरहजर चिटणिसाची सही कशी चालेल?”

मागे कोणीतरी खोकलं. निरीक्षक हसले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी त्या पानाचा फोटो घेतला, मग माझा घेतला, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“गमतीशीर आहात तुम्ही. इथंच राहता ना, तलावाजवळ? घरी कोण कोण असतं?”

मी आयुष्यात एक माणूस भेटला तर दहा सांगितले. त्या वेळी घरी बायको होती, सून होती, आणि चौथीतली नात माझी वाट बघत पुढच्या दारात बसली होती.

“कोणी नसतं,” मी म्हणालो.