लिफ्टच्या गाण्यातला दम

तुषारचा अकरावा टेक संपला आणि मी हेडफोन काढून ठेवले. टेक म्हणजे गाणं एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग. गाणं प्रेमाचं होतं, पण तुषार ते भाडेकरूला घराबाहेर काढल्यासारखा गात होता.

मी साउंड इंजिनिअर. साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पाचव्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. तुषारच्या रॉक बँडचं नाव ‘खडी क्रशर’. मुलुंड-घाटकोपरची चार पोरं, दिवसा नोकऱ्या करणारी. चार वर्षं राबून त्यांनी आठ गाण्यांचा अल्बम केला होता. सगळी गाणी संतापाची. देवनारच्या कचरा डेपोच्या धुरावर एक सात मिनिटांचं गाणं होतं, त्यात चार मिनिटं नुसता धूर होता.

अल्बम काढणाऱ्या म्युझिक कंपनीचे मेहता सर अडून बसले. लोकांना गुणगुणता येईल असं एक तीन मिनिटांचं हलकं गाणं द्या, आधी ते सिंगल म्हणून, म्हणजे एकटंच, बाहेर काढू. नाहीतर अल्बमही नाही.

ड्रमर संदेशकडे तसं गाणं होतं. त्याच्या घाटकोपरच्या बिल्डिंगमधली लिफ्ट तीन महिने बंद होती. तो राहायचा सातव्या मजल्यावर, शीतल चौथ्या. कामावरून दोघं एकाच सुमारास यायची, त्यामुळे चार मजले सोबत व्हायची. त्यावर त्याने लिहिलं होतं, ‘लिफ्ट बंद आहे, देवा, बंदच राहू दे.’

तुषारला ते अजिबात पटलं नव्हतं. “हे गाणं नाहीये ताई,” तो म्हणाला, “सोसायटीची नोटीस आहे.”

अल्बमसाठी तो गायला उभा राहिला खरा, पण घसा ऐकेना. इतकी वर्षं ओरडून त्याला हळू गाणं जमतच नव्हतं. पाणी पाजलं, दिवे मंद केले, डोळे मिटून गायला लावलं. फरक शून्य. शेवटी मी संदेशच्या फोनवरचं त्याचं कच्चं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. पोरगा बेसूर होता, पण ऐकत राहावंसं वाटत होतं. कुठे गायलास, विचारलं. म्हणाला, जिन्यात, घरी जाता जाता.

मी तुषारला म्हटलं, “खाली जा. जिन्याने. आणि जिन्यानेच वर ये.”

“कशाला?”

“गाणं कशावर आहे?”

तो शिव्या पुटपुटत गेला. वर आला तरी अंगात जोर शिल्लक होता, म्हणून परत पाठवला. दुसऱ्यांदा भिंत धरत आला. मी त्याला पाणीही पिऊ दिलं नाही, तसाच माईकसमोर उभा केला. आता ओरडायला दमच नव्हता. तो अगदी हळू गायला. ‘देवा’ म्हटल्यावर श्वास तुटला, एक धाप लागली, आणि मग कसंबसं ‘बंदच राहू दे’ आलं.

मी म्हटलं, झालं. तो खाली बसत म्हणाला, “अजून सुरू कुठे केलंय?”

मिक्स, म्हणजे आवाज-वाद्यं जुळवून तयार केलेलं गाणं, पाठवला तसा मेहता सरांचा फोन आला. गाणं आवडलं होतं. फक्त गायकाला दमा आहे का, असं त्यांनी काळजीने विचारलं, आणि ते श्वास काढून टाकायला सांगितलं. एरवी आम्ही काढतोच, कॉम्प्युटरवर एकेक श्वास कापून. अख्खी दुपार घालवून मी सगळे कापले आणि ऐकलं. पोरगा आरामात लिफ्टने वर आला होता.

मी त्यांना फोन लावला. “सर, लिफ्ट बंद आहे ना? मग तो दमणार ना?”

त्यांनी श्वासांसकट गाणं पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग म्हणाले, “पॉइंट आहे. राहू दे.”

गाणं तुफान चाललं. हळदीत वाजलं, गणपतीत बेंजोवाल्यांनी उचललं. कुठेही लिफ्ट अडकली की सोसायटीच्या ग्रुपवर तेच पडू लागलं. बोरिवलीच्या एका गायनक्लासच्या बाईंनी फोन करून मला विचारलं, ‘देवा’नंतर धापा एक की दोन, मुलांची स्पर्धा आहे. मी एक सांगितली.

ठरल्याप्रमाणे अल्बमही आला. धुराचं गाणं बहुधा चौघांच्या नातेवाइकांनीच ऐकलं. तुषार वर्षभर माझ्याशी नीट बोलत नव्हता. अजूनही प्रत्येक शोमध्ये लोक लिफ्टच मागतात, आणि उभ्याउभ्या धाप लागत नाही म्हणून त्याला आधी स्टेजमागे धावून यावं लागतं. वजन कमी झालंय, हे मात्र तो मान्य करतो.

संदेशच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गाणं ऐकलं, लाजले, आणि आठवड्यात लिफ्ट दुरुस्त करून घेतली. वाट लागली, असं संदेशने मला कळवलं. दुसऱ्या दिवशी तो लिफ्टपाशी उभा असताना शीतल जिन्याकडे वळली आणि म्हणाली, “येतोयस ना?” पुढे लग्न झालं. आता दोघं लिफ्टनेच जातात.

आमच्याकडे येणारा प्रत्येक गायक हल्ली आधी पाच मजले चढून येतो. बहुतेकांच्या पोटऱ्या धरतात, गाणं होतं तसंच राहतं. त्यांना मी एवढंच सांगते, गाण्यात जिना नसेल तर गायकाला दमवून उपयोग नाही.