न गिळलेली नथ

मी नथ गिळली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

त्या काळी मी महाडला एका कापडाच्या दुकानात कामाला होतो आणि अतिशय दुःखी होतो. टोपी घेतली, तर वाटे छत्री हवी. छत्री घेतली, तर वाटे पंपशू हवेत. पंपशू घेतले, ते चावले! अशा अवस्थेत एका संध्याकाळी कीर्तनाला गेलो. बुवा म्हणाले, "सुख बाहेर काय शोधता? ते आतच आहे. डोळे मिटा, आत बघा!"

शिमग्याला पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीत आलो (पंपशू हातात घेऊन) आणि सकाळीच पडवीत मांडी घालून, डोळे मिटून सुखाची वाट बघत बसलो. नेमकी त्याच सकाळी वहिनीची नथ हरवली. घरात सोनं म्हणाल तर तेवढंच! चूल, कणगी, गोठा, सगळं पालथं घातलं गेलं. मला पत्ताच नाही.

"धोंडू," आई म्हणाली, "सगळी शोधून दमली, आणि तू काय करतोस रे?"

"मीपण तेच शोधतोय, आई."

"डोळे मिटून?"

"बाहेर शोधून नाय मिळायचं. ते आत हाय."

"आत? कुठं आत?"

मी छातीवर हात ठेवला. (जरा खालीच पडला असावा.)

आईनं असा हंबरडा फोडला, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. वहिनी धावत आली.

"भावजी, खरंच आत हाय?"

"तुमच्यापण आत हाय, वैनी."

"माझी तर नाकात असायची ओ!"

नाकात? बुवा नाकाबद्दल काहीच बोलले नव्हते. मी पुरता गोंधळलो.

तेवढ्यात शेजारचे बाळूकाका आले. ते गुरांना औषध देत. त्यांनी माझ्या पोटाला कान लावला. "वाजतंय गो कायतरी!" (सकाळपासून मी उपाशी होतो.) "एरंडेल पाजा!"

"किती?" आईनं विचारलं.

"बैलाला देतो त्याच्या निम्मं. पण हा शिकलेला हाय, थोडं जास्तच लागेल."

"अहो काका, मला फक्त सुख पायजे!" मी ओरडलो.

"एकदा का बाहेर पडलं, की सुखच सुख!" असं म्हणून काकांनी माझं नाक दाबलं.

दिवसभराचा पुढचा वृत्तांत मी गाळतो. एवढंच सांगतो, की मी शेताकडे धावलो की निम्मी वाडी बांधापर्यंत सोबत येई, आणि परतलो की एकच प्रश्न, "मिळाली?" काय मिळायला हवी होती, हे मला दुपारी कळलं. तोवर बोलण्याची ताकद उरली नव्हती.

संध्याकाळी दादा आला. नथीची तार ढिली झाली होती म्हणून पहाटेच, कुणाला न सांगता, तो ती पोलादपूरला सोनाराकडे घेऊन गेला होता. त्यानं खिशातून पुडी काढली. आईनं नथीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे.

"ह्याच्या पोटातली नथ तुझ्या खिशात कशी आली रे?"

दादानं परोपरीनं समजावलं. सगळ्यांना पटलं. तरी वहिनीनं नथ तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय नाकात घातली नाही!

दुसऱ्या दिवशी मी अनवाणी, बोडका, मीठ घातलेली पेज पीत पडवीत बसलो होतो. समोर डोंगर, अंगावर वारा. कशाचीच इच्छा नव्हती. आणि अचानक, काही कारण नसताना, आतून असं बरं वाटलं म्हणून सांगू! मी आपोआप हसू लागलो.

आईनं पाहिलं. "सूनबाय, धाव गो! हा एकटाच हसतोय! काकांना बोलाव!"

तेव्हापासून घरात सुख वाटू लागलं, की मी आधी तोंड पाडून बसतो.