डाव मोडला नाही

कुमासी शहरातल्या बांतामा वस्तीच्या लोकांना हे अजून खरं वाटत नाही, आणि का वाटावं? कुणाचं वाईट करायचं म्हणून यंत्र बिघडवलेलं आपण ऐकतो. पण यंत्र नीट केलं म्हणून एका म्हाताऱ्याचं घर गेलं! असलं आक्रीत अख्ख्या कुमासीत कुणी पाहिलं होतं का?

सेर्वा तेव्हा बाजाराच्या कोपऱ्यावरच्या इंटरनेट कॅफेत कामाला होती. लहानपणी तिने बापाचा रेडिओ उघडला आणि तो परत जोडेपर्यंत ती जेवली नाही. मोठी झाली तरी खोड तीच. बिघडलेली वस्तू दिसली की पोरीचा जीव खाली-वर व्हायचा. कॅफेतल्या सगळ्या यंत्रांवर तिने लिनक्स घातलं होतं. फुकट मिळतं, व्हायरसचा ताप नाही, यंत्र महिनोन्‌महिने बंद पडत नाही. एकच दुखणं होतं. ब्राउझरमध्ये जावा नावाच्या प्रोग्रामवर चालणारं काही, एखादा खेळ वगैरे, उघडलं, की अख्खा ब्राउझर कधी ना कधी न सांगता-सवरता गायब! शेजारच्या कॅफेतली विंडोजवाली पोरं खिदळायची, "सेर्वा, तुझा ब्राउझर मयताला गेला का गं?" तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि नाना बोआडूंचा इंटरनेटवरचा दाम्यांचा, म्हणजे पटावरच्या सोंगट्यांचा, डाव नेमका जावावरच चालायचा.

नाना जुने लॉरी ड्रायव्हर. त्यांचा धाकटा भाऊ अग्यारे हँबुर्गला जाऊन साहेब झालेला. आईचं घर विकून टाकू, हा त्याचा हट्ट. नाना त्याच घरात जन्मलेले, त्याच घरात म्हातारे झालेले. घराच्या ओट्यावर त्यांची बायको, मामे कोनाडू, केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे आणि तळलेली मासळी विकायची. सेर्वा रोज दुपारी तिथेच जेवायची. फोनवर भांडून दोघा भावांचे घसे बसले, तेव्हा घराण्याच्या मुखियाने निकाल दिला.

"लहानपणापासून दाम्याच्या पटावर भांडलात, आता तिथेच मिटवा. एकच डाव. बोआडू जिंकला तर घर राहील, अग्यारे जिंकला तर विकायचं. मध्येच मोडला तर पुढच्या रविवारी नवा डाव."

दर रविवारी चर्च सुटलं की कॅफेत ही गर्दी! दामे म्हणजे नुसत्या सोंगट्या सरकवणं नव्हे. तोंड बंद ठेवून दामे खेळणारा माणूस कुमासीत अजून जन्मायचाय. नानांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून पडद्यावर उमटणारे अग्यारेचे टोमणे सेर्वा वाचून दाखवायची.

"म्हणतोय, दादा, लॉरी खड्ड्यात घालायचास, तसाच डावही घालतोयस."

"लिही त्याला, तुझं नाक पुसायला मीच होतो म्हणावं. आज पटावर पुसतो!"

लोक टाळ्या पिटायचे. आणि डाव ऐन रंगात आला की ब्राउझर गुल. नाना कपाळावर हात मारायचे. "तुझं हे यंत्र मला पळपुटा ठरवणार गं पोरी!" सगळे तिच्याकडे वळून बघायचे. सेर्वाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी तिने चंगच बांधला. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांना विचारलं. तुटत्या फोनलाइनवरून नवी जावा उतरवून घेतली. शनिवार हा तिथे मयतांचा वार; सगळं गाव मयतांना गेलं असताना ती बसून तपासत राहिली. ब्राउझर पडला नाही. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून जुनी जावा तिने पुसून टाकली. नानांना मुद्दामच काही सांगितलं नाही. म्हटलं, धक्का देऊ. दिला की!

रविवारी मुखिया स्वतः खुर्ची टाकून पडद्यासमोर बसला. अग्यारेने नानांच्या सोंगट्या एका बाजूला कोंडल्या होत्या, पण नाना निवांत. त्यांचा हात सावकाश कोपऱ्यातल्या गुणफलकाच्या बटणावर गेला. एक छोटी खिडकी उघडली. नाना साप दिसल्यासारखे मागे सरकले. खिडकी बंद करून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा.

"नाना, तिथे काय हुडकताय? चाल करा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

नानांनी मान वळवली. "पोरी, हे पडत का नाही?"

"नीट केलंय, नाना!" सेर्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता जन्मात पडायचं नाही."

आणि बोलता बोलताच तिच्या पायाखालची जमीन सरकली. दर रविवारी हरायची वेळ आली, की म्हाताऱ्याचा हात त्याच कोपऱ्यात जायचा, आणि ब्राउझर पडायचा! जे दुखणं ती शोधून शोधून थकली, ते या माणसाला कधीच सापडलं होतं. त्याच्यावरच तर त्याचं घर उभं होतं. आणि आपण काय केलं? अगं बाई, आपण काय करून बसलो!

तिचा हात विजेच्या बटणाकडे गेला. नानांनी पाहिलं आणि मान हलवली. "नको. सगळे बघतायत."

त्यांनी चाल केली. अग्यारेने एका फटक्यात तीन सोंगट्या उचलल्या. डाव संपला. टाळ्या पिटायला आलेल्या लोकांचे हात वरच्या वर राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली.

"काय म्हणतोय?"

"काही नाही, नाना."

"वाच."

"म्हणतोय... घर विकायला काढा."

मुखिया उठला, नानांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. मागोमाग लोकही पांगले. नाना खुर्चीतच बसून होते. बऱ्याच वेळाने, मुखिया लांब गेल्याची खात्री करून घ्यावी तसं दाराकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, हे होतं तसं पुन्हा बिघडवता येईल का गं?"

एवढ्यात मामे कोनाडू दारात आली. हातात गरम केंके, त्यावर मासळीचा मोठा तुकडा.

"सेर्वा, सकाळपासून उपाशी असशील म्हणून घेऊन आले," ती म्हणाली आणि नानांकडे बघून डोळे मिचकावत हसली. "पडलं ना गं आजही, नेहमीसारखं?"