शालिकभाऊंची टकटक

शालिकभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, फोनवर सांगितलं तेव्हाही माझा पहिला प्रश्न होता, "नक्की?" दुधानं कधी तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारी बाई मी. वरोऱ्याच्या शाळेत जन्मभर पोरांच्या प्रगतिपुस्तकांवरच्या खोट्या सह्या पकडल्या, ती सवय काही जात नाही. दीड महिना झाला. आता लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट कबूल करायची आहे.

शालिकभाऊ आमचे शेजारी. एटापल्लीच्या गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त झाले आणि त्यांनी पॉडकास्ट सुरू केलं. म्हणजे काय, हे मी उलटतपासणी घेऊनच समजून घेतलं. "रेडिओले टेसन लागते, बाई. याले फोन पुरते," ते म्हणाले. आवाज घुमू नये म्हणून कपाटात डोकं घालून, वरून गोधडी घेऊन ते बोलायचे. मग खोकला, कुकरच्या शिट्ट्या कापायच्या, नेटवर चढवायचं आणि लिंक ग्रुपवर टाकायची. ज्याला जेव्हा सवड, तेव्हा तो ऐकणार. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तिकिटं पंच करायचा जुना चिमटा ते कपाटावर वाजवत… टक टक. मग मोहफुलं वेचणारी कोणी बाई नाहीतर भद्रावतीचे कोणी शिंपीचाचा बोलायला लागत.

"तुमच्यामागं कोण आहे?" मी विचारलं.

"गोधडी," म्हणाले.

"आन् परवानगी कोणाची घेता?"

"जो बोलते त्याची."

पाणी कुठंतरी मुरतंय, असंच मला वाटत राहिलं. साध्या माणसांचं बोलणं जगाला ऐकवण्यात याला काय मिळतं?

एका दुपारी दळण घेऊन घरी आले तर स्वयंपाकघरात शालिकभाऊ बसलेले, तिखटाच्या डब्याला फोन टेकवलेला आणि माझी आई बोलत होती, "पयला नवरा लय मारे. मंग एका सकाळी मी चालतच निंगाली माहेरी…" सांगताना ती चक्क हसत होती. माझ्या बाबांच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं, हे मला साठीला आलेल्या लेकीला तेव्हा कळलं. मी फोन उलटा टाकला.

"गावभर करता काय आमच्या घरचं?"

"मायनंच बोलावलं, बाई."

"मले आजवर कोणी इचारलंच नाई," आई म्हणाली.

"हे टाकलं तर आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवू नका, भाऊ."

त्यांनी फोन उचलून खिशात घातला. "तुमी नाई म्हणता तं नाई टाकत."

माझा विश्वास बसला नाही. त्यानंतरचा प्रत्येक भाग मी कानात घालून ऐकला, चोरी पकडायला. मधेच कोणाचं तरी धानाच्या रोवणीच्या वेळचं भांडण इतकं रंगायचं, की मी काय शोधत होते तेच विसरायचे. दोनदा वरण करपलं. आईचा आवाज मात्र कधीच आला नाही. ती विचारायची, "माहं कधी येते?" मी सांगायचे, "त्यांचं मशीन बिघडलं." दर वेळी तेच. शेवटी ती म्हणाली, "शालिक खोटारडा निंगाला." मी गप्प बसले. ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली, तेव्हाही गप्पच बसले. त्याची मला आज फार लाज वाटते.

विहारातल्या शोकसभेला आई आली नाही. मागच्या आठवड्यात प्रज्ञानं एक पाकीट आणून दिलं. आत मेमरी कार्ड, तो चिमटा आणि भाऊंच्या अक्षरातली चिठ्ठी: "मायचं. बाई हो म्हणतील तवा." ह्याच्या आणखी प्रती कुठं आहेत का, असं मी त्या पोरीला तिथल्या तिथं विचारलंच. "नाई, मावशी. एवढीच आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी आईला ऐकवलं. टक टक… आणि तिचा हसरा आवाज. डोळे मिटून तिनं सगळं ऐकलं.

"त्यानं तं करून ठेवलं होतं. मंग टाकलं काऊन नाई?"

मी सांगितलं. सगळं. आई म्हणाली, "आता तू टाक. आन् सुरुवातीले सांग, शालिक खोटा नोयता."

तेवढं एक वाक्य मला अजून जमलेलं नाही… कपाटात डोकं घालते, गोधडी ओढते आणि आवाजच फुटत नाही. चिमटा आईनं उशाशी ठेवला आहे. रोज सकाळी चहा झाला, की माझ्याकडं बघत ती तो खाटेच्या दांडीवर वाजवते. टक टक.