उंट अडकला त्या दुपारी

आमच्या बिबवेवाडीच्या बुद्धिबळ मंडळात एक रीत आहे. वडीलधाऱ्यांनी बरोबरी मागितली की द्यायची. धायरीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत माझ्यासमोर मंडळाचे चिटणीसच आले. जिंकेल तो संघात पहिल्या पटावर बसणार, आणि बरोबरी झाली तर ती जागा वर्षानुवर्षं होती तशी त्यांच्याकडेच राहणार. डाव सुरू व्हायच्या आधीच चहा पीत म्हणाले, "वहिनी, बरोबरीच करून टाकू. उगाच कशाला डोकं शिणवता?"

माझ्या डोक्याची काळजी यांना! तळपायाची आग मस्तकात गेली. "आपण खेळू या," एवढंच म्हटलं.

काळे मोहरे माझ्याकडे होते. त्यांनी जुनी, सगळ्यांच्या पाठातली स्पॅनिश सुरुवात केली. मी कडेची प्यादी रेटून त्यांचा उंट मागे हटवला. मध्यात घोड्याला घोडा गेला आणि तिथे माझं एक प्यादं एकटं उरलं. त्यांनी ते वजिराने उचललं. "राहून गेलं वाटतं. घरचं उरकून यायचं म्हणजे होतंच असं." डाव चालू असताना बोलायचं नसतं, पण पंच मोबाइलमध्ये गुंग होते.

राहून बिहून काही गेलं नव्हतं. मी ते मुद्दाम सोडलं होतं. शेजारचं प्यादं वजिरावर घातलं. वजिराने पळापळ केली, एक शहही देऊन पाहिला. मग मी तेच प्यादं आणखी एक घर पुढे सरकवलं आणि त्यांचा उंट कोंडला गेला. आता तो जाणारच, हे त्यांनाही दिसलं. लगेच हात पुढे आला, "चला, बरोबरी."

"आपली चाल आहे," मी म्हटलं. माझा आवाज चिडका आला, आणि त्याचं मला बरंच वाटलं.

पुढे मी घाई केली नाही. मोहऱ्याला मोहरा देत पट रिकामा केला. शेवटी त्यांनी हार मानून राजा आडवा केला, उठले, आणि माझ्याशी हात न मिळवता मला न्यायला आलेल्या माझ्या नवऱ्याकडे गेले.

"छान तयार केलंत हो वहिनींना."

माझ्या नवऱ्याला घोडा कसा चालतो हेही ठाऊक नाही. तो हसला आणि म्हणाला, "थँक्यू, सर."