दत्तक मुलीची आई

एके सकाळी साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, की कुपोषित मुलांची यादी आली आहे आणि कार्यालयातल्या प्रत्येकाने एक मूल दत्तक घ्यायचं आहे. दत्तक म्हणजे घरी आणायचं नव्हतं. दर शनिवारी जाऊन ते काय खातं ते बघायचं, त्याचं वजन वाढवायचं. मी आवक-जावक टेबलावर होते, राहायला नवीन पनवेलला, माझी मुलं मोठी झालेली. माझ्या वाट्याला डोंगराखालच्या आदिवासी वाडीतली दोन वर्षांची मुलगी आली.

पहिल्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंनी तिच्या दंडाभोवती मापाची पट्टी धरली. पट्टी लाल रंगावर थांबली, म्हणजे तीव्र कुपोषण. मुलगी रडलीसुद्धा नाही. तिची आई शेजारी उभी होती, विशीतली, हाडकुळी. ती खारघरला इमारतींच्या कामावर जायची. पहाटे वाडीतल्या बायकांना न्यायला टेम्पो यायचा, तो अंधार पडल्यावर परत सोडायचा. मुलगी दुपारपर्यंत अंगणवाडीत, मग शेजारणीकडे. शनिवारी मात्र मी येणार म्हणून आई खाडा करायची. हे मला फार उशिरा कळलं.

मी झपाटल्यासारखी कामाला लागले. अंडी, शेंगदाण्याचे लाडू, नाचणीचं पीठ घेऊन जायची. खिचडीवर तेल सोड, दिवसातून पाच वेळा भरव, हे तिला परत परत सांगायची. आणि हेही बजावायची, की आणलेलं सगळं फक्त मुलीचं आहे, घरात वाटायचं नाही.

मुलगी भरू लागली होती तेव्हाची गोष्ट. वजन करून झालं, ताई आत गेल्या, तशी आई हळूच म्हणाली, "मॅडम, यातलं एक अंडं मी खाल्लं तर चालंल काय?"

मी हसले. "अगं, तिचं वजन वाढवायचंय ना आपल्याला? तू मोठी आहेस."

"नाय, असंच इचारलं," ती म्हणाली आणि मुलीला कडेवर घेऊन निघून गेली.

त्यानंतर महिन्याभरात पट्टी हिरव्या रंगावर आली. ग्रामपंचायतीत छोटा कार्यक्रम झाला, मला गुलाबाचं फूल मिळालं, मुलीला मांडीवर घेऊन फोटो काढला. आई कामावर होती. यादीतून नाव निघालं आणि माझे शनिवार मोकळे झाले.

दिवाळीनंतर ताई काही कागद द्यायला कार्यालयात आल्या. जाता जाता म्हणाल्या, की तुमच्या मुलीची आई सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ फार लहान होतं. तिसऱ्या दिवशी गेलं.

"पण ती पोटुशी कधी होती?" मी विचारलं.

ताईंनी मनाशी महिने मोजले. मी जात होते तेव्हाच दिवस गेले होते. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, मुकादमाला कळलं तर काम सुटेल म्हणून. गरोदर बायकांना अंगणवाडीत दुपारचं जेवण मिळतं, पण दुपारी ती खारघरला असायची. दवाखान्यात तपासलं तेव्हा अंगात रक्तच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी वाडीवर गेले. ती दारात बसली होती. मुलगी अंगणात कोंबडीमागे धावत होती, गाल वर आलेले. मी आईजवळ खाली बसले.  मग विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

 तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुमी पोरीसाठी येत होता," ती म्हणाली.

मला माफ कर, असं ओठांवर आलं होतं. पण तेवढं तरी तिच्याकडे मागू नये असं वाटलं. तिने कोरा चहा केला, तो मी प्यायले.

पुढच्या यादीच्या वेळी मी साहेबांना सांगितलं, की मुलाच्या घरी जाऊ तेव्हा आईचीही विचारपूस करायला हवी. ते लगेच हो म्हणाले. कामावरून परतणाऱ्या बायकांना गाठायला ताई आता संध्याकाळी वाडीवर फेरी मारतात. इतकं सोपं होतं ते.

मुलगी यंदा पहिलीत गेली. मागच्या महिन्यात शाळेच्या फाटकाशी दिसली, मी हाक मारली. ती थबकली, परक्या बाईकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली आणि मैत्रिणींबरोबर आत पळाली.