पाव मिलीहेन्री

खामगावच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला होतो. इंटर सायन्स पास होतो, आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या अमडापूरच्या एका सातवी पास माणसावर जळत होतो. खोटं कशाला बोलू? त्याने गुंडाळलेली कॉइल सेटमध्ये बसली की स्टेशन लागलंच म्हणून समजा. माझी तीन-तीनदा सोडवावी लागे. गिऱ्हाईकं दारातूनच विचारायची, "ते अमडापूरवाले आहेत का?" मी समोर बसलेला असायचो, तरी.

त्यात शेठनी बुलढाण्याला दुसरं दुकान काढायचं ठरवलं. ते आम्हां दोघांपैकी एकाच्या हाती जाणार होतं. मला ते हवं होतं, आणि त्याहून जास्त, त्याला मिळायला नको होतं.

त्याचं अडायचं ते एकाच जागी. मायक्रोहेन्री हे कॉइलचं माप; किती मायक्रोहेन्रीला तारेचे किती वेढे, हे त्याने स्वतः करून बघून वहीत उतरवलं होतं. पण आकडा मिलीहेन्रीत आला की गाडी बंद. एकदा बुलढाण्याच्या एका मास्तरांचा परदेशी सेट आला. मिडियम वेव्हची कॉइल जळालेली, आणि सोबतच्या कागदावर ०.२५ मिलीहेन्री. कागद घेऊन तो माझ्याकडे आला.

"भाऊ, याचे मायक्रो किती होते, तेवढं लिहून द्या ना. मले नाही जमत."

हजाराने गुणायचं, झाले अडीचशे. मी शंभराने गुणलं आणि पंचवीस लिहून दिलं. मुद्दामच.

दुपारभर मी कामाचं सोंग करत त्याच्यावर नजर ठेवून होतो. त्याने वही उघडली, ओळींवरून बोट फिरवलं, थांबला. मग गुंडाळायला बसला. वेढे संपेचनात. पंचवीसला एवढे लागत नाहीत, हे मला कळत होतं. सेट जोडला आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या.

शेठ टेबलाशी आले. "हा हिशोब कोनं केला?"

"भाऊनं," तो म्हणाला. "आपल्याले कुठं येते मिली-बिली?"

त्याने कागद दाखवला. माझ्या पंचवीसवर एक शून्य वाढलं होतं.

शेठ गेल्यावर तो हळूच म्हणाला, "पंचवीसमंधी मिडियम वेव्ह लागत नाही, भाऊ. घाईत राहून जाते शून्य. म्या टाकलं."

ते राहून गेलं असंच त्याला वाटत होतं.

बुलढाण्याचं दुकान मला मिळालं. तिथे आकडेमोड येणारा माणूस हवा, असं शेठ म्हणाले. निघायच्या दिवशी तो बसस्टँडवर आला, माझी ट्रंक टपावर चढवली, खिडकीशी उभा राहिला.

"चांगलं झालं, भाऊ. तुमालेच भेटाले पाह्यजे होतं."

त्याला खरोखरच आनंद झाला होता. दुकान माझ्या हातात होतं, आणि बसमध्ये बसल्या बसल्या मला पुन्हा त्याचाच हेवा वाटत होता.